आधी बूच शोधा: शिडाच्या होड्यांचा क्लब पुन्हा उघडताना

2021 च्या जानेवारीत, कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर आम्ही क्लब उघडला, त्या सकाळी सगळं अगदी नियमात होतं. फाटकाशी थर्मल गन, टेबलावर ऑक्सिमीटर आणि वही, वाळूत चुन्याने मारलेले गोल, रेशनच्या दुकानापुढे होते तसेच. तीन लेझर, म्हणजे एकट्याने चालवायच्या शिडाच्या छोट्या होड्या, पाण्यात गेल्या. पंधराएक मिनिटांत त्यातली एक मागून बसायला लागली. वरच्या पोराला वाटलं, आपणच फार मागे बसलोय. तो पुढे सरकला, आणखी सरकला, शेवटी डोलकाठीला टेकला, तरी होडी वळायला तयार नाही. ओढून किनाऱ्याला आणली, पिछाडी उचलून बघितली, तर होडीतलं पाणी काढायच्या बुचाचं भोक उघडं. बूच हायपोक्लोराइटच्या बादलीत होतं. आदल्या संध्याकाळी मीच उत्साहाने सगळ्या होड्यांचं सुटं सामान, शॅकल (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), शिट्ट्या, बुचं, निर्जंतुक करायला त्यात टाकलं होतं. बाकीचं परत लागलं, एक बूच तळाशी राहिलं.

पोराला काही झालं नाही. लेझरच्या पोटात तरंगण्याची सोय असते, ती अशी लगेच बुडत नाही. पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कोरोनाची भीती किनाऱ्यावर आहे, होड्या उभ्या करताना, कपडे बदलताना, चहा पिताना. पाण्यावर एकट्या माणसाला त्याची फारशी भीती नाही, तिथले धोके जुनेच आहेत. आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद होऊन साडेचार महिने कुलपात राहिल्यावर ते वाढलेत. किनाऱ्याचे नियम पाळताना पाण्याचे नियम विसरायचे नाहीत, एवढं सांभाळा.

खालचं सगळं 2021 च्या पावसाळ्याअखेर लिहिलेलं, नव्या लोकांसाठी आहे; त्यातले कोरोनाचे नियम तेव्हाचे. म्हणजे ज्यांच्या हातात त्या वर्षी पहिल्यांदाच क्लबची किल्ली आली, जुने सेक्रेटरी वयामुळे घरी बसले म्हणून ज्यांना पुढे व्हावं लागलं, अशांसाठी. आमचा अनुभव दाभोळच्या खाडीचा. तुमची खाडी बाणकोटची असो नाहीतर जयगडची, फरक थोडाच पडेल.

पहिली पायरी: कागद, आणि वाडी

2021 च्या एप्रिलच्या मध्यापासून बंद झालेलं ऑगस्टमध्ये कुठे सैल होऊ लागलं. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातले बहुतेक जिल्हे मोकळे झाले तेव्हासुद्धा पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरातच राहिले होते. 15 ऑगस्टपासून पुष्कळ सूट मिळाली. पण राज्याच्या आदेशावर जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश काय म्हणतो ते वाचा, कारण आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख म्हणून शेवटचा शब्द त्यांचा असतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो चालणार नाही. सहीचा आदेश मिळवा, तारीख बघा आणि प्रिंट काढून फाटकावर लावा.

पावसाळ्यात 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी होड्या एरवीही बंदच असतात. त्यामुळे सप्टेंबरआधी घाई करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकांना पत्र द्या, सेफ्टी बोटीची (मदतीला धावणाऱ्या इंजिनाच्या बोटीची) कागदपत्रं नवी आहेत का बघा, सागरी पोलीस ठाण्यात एकदा तोंड दाखवून या. पत्राची पोच घ्या.

ही झाली सरकारी परवानगी. दुसरी परवानगी कुठल्या आदेशात लिहिलेली नसते. होड्या जिथून पाण्यात घालता तो उतार बहुधा मासेमारांच्या वाटेवर असतो. दोन वर्षांत या लोकांनी काय सोसलंय ते आठवा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात घरांची छपरं नेली, 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं, त्यात लॉकडाऊन. पहिल्या लाटेत मुंबईहून गाडी आली की अख्खी वाडी धास्तावायची. आता तुम्ही शहरातली मुलं आणून उतारावर उभी करणार. कोरोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलाच्या लोकांना, सरपंचांना आणि मुख्य म्हणजे उतारावर रोज जाळी टाकणाऱ्यांना आधी भेटा. किती मुलं येतील, कुठून येतील, किती वाजता निघून जातील, हे साध्या शब्दांत सांगा. मासळी उतरते त्या वेळी उतार मोकळा ठेवू, हा शब्द द्या आणि पाळा. आमच्या शेजारच्या एका खारवी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मास्कचं काय ता तुमचा तुमी बघा. पोरांक वारा कळतो का, ता सांगा."

दुसरी पायरी: दिवस ठरवा, पंचांग घेऊन

नवखे लोक इथेच फसतात. सोयीचा शनिवार धरतात, सगळ्यांना आठ वाजता बोलावतात, आणि आठ वाजता समोर गुडघाभर चिखल असतो.

जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे 4 गुणिले पाऊण, 3 वाजता. अष्टमीला 6. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाने फरक पडत नाही, आणि तीच वेळ बारा-साडेबारा तासांनी पुन्हा येते. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे धरा, खाडीत आत जावं तसा उशीर वाढतो. नक्की वेळेसाठी भरतीचं कोष्टक आहेच. पण कोष्टक नसताना कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

आता बघा. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या दिवशी सकाळचा वर्ग ठेवणं वेडेपणा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी होडी समुद्राकडे निघते आणि नवख्याला परत येता येत नाही. अष्टमीच्या पुढेमागे भांगाचं पाणी, ओढ कमी. म्हणून दशमी, एकादशी, द्वादशी हे तीन दिवस सुरुवातीला उत्तम. भरती सकाळी साडेसात, सव्वाआठ, नऊला. पहाटेची मतलई (जमिनीवरून येणारा वारा) मंद होत आलेली असते, दुपारचा खारा वारा अजून उठलेला नसतो, आणि पाणी आत येत असतं, म्हणजे कोणी चुकलाच तर प्रवाह त्याला घराकडेच आणतो.

तिसऱ्या स्तरात होतो तेव्हा उघड्यावरचं फिरणं सकाळी 5 ते 9 एवढंच होतं. पुन्हा तसं झालं तर महिन्यात तुमच्या कामाचे दिवस फार तर पाच-सहा निघतील. भरतीला आदेश लागू होत नाही, तेव्हा वेळापत्रक तिथीवरच बेता.

2021 मध्ये आम्ही गणपती होऊन जाऊ द्यायचं ठरवलं. चतुर्थी 10 सप्टेंबरला, चाकरमानी येणार, घरोघर माणसं, त्यानंतर पंधरवडाभर कोणाला ताप येतो ते कळू दे. एकादशी 2 ऑक्टोबरला, शनिवारी होती. शुक्रवारी दशमी, रविवारी द्वादशी. असा शनिवार-रविवार जुळून आला होता. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं का यावर आमच्या मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की हे नवं नाही, जुनंच पुन्हा उघडतोय.

तिसरी पायरी: होड्यांची तपासणी

याला दोन पूर्ण दिवस द्या आणि चौघांपेक्षा जास्त माणसं बोलावू नका. एका होडीवर एकच माणूस, हातात एक यादी.

आमच्याकडे काय काय निघालं ते सांगतो. एका बूमच्या (शिडाखालच्या आडव्या काठीच्या) टोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, त्यामुळे दोर आतून सरकेना. शिडाच्या एका पिशवीत उंदराने संसार थाटलेला, ते शीड गेलं. स्टेनलेसचे म्हणून घेतलेले दोन शॅकल बोटाने दाबल्यावर तुटले. वरून लख्ख दिसत होते, पिन जिथे आत जाते तिथे मात्र तपकिरी भुकटी. म्हणून शॅकल नुसता बघू नका, पिन पूर्ण काढा, बघा, पुन्हा लावा. दोर वाकवून बघा. उन्हाने आणि मिठाने कडक झालेला दोर वाकवला की पांढरे तंतू वर येतात, तो बाद. सुकाणूची बिजागरी हलवून बघा. आणि बूच, प्रत्येक होडीचं बूच. आता आम्ही ते जाड दोऱ्याने होडीलाच बांधून टाकलंय.

ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या होडीतल्या हवेच्या पिशव्या संध्याकाळी फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागली तर ती होडी पाण्यात जाणार नाही. ही अडीच मीटरहूनही आखूड, 35 किलोची होडी. उलटली तर तिला तरंगत ठेवायला या तीन पिशव्याच असतात.

लाईफ जॅकेटचा फोम दाबून बघा, सोडल्यावर परत फुगला पाहिजे. पट्टे जोरात ओढा. शंका असेल तर जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात आडवं व्हा.

सेफ्टी बोटीच्या इंजिनाला सर्वांत जास्त वेळ द्या. एप्रिलपासून टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मग इंजिन किनाऱ्यावर चालू होतं आणि खाडीच्या मध्यावर बंद पडतं. स्पार्क प्लग नवा, फिल्टर नवा. गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून अर्धा तास चालवा. बाजूने थंड पाण्याची धार सतत पडते का बघा, कारण गाळ अडकलेला असतो. किल-कॉर्ड ओढून इंजिन बंद होतं का, तेही.

एक गोष्ट 2021 चीच. 22 जुलैला चिपळूणला पूर आला, त्यानंतर आमच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीतून काय काय खाली आलंय ते कोणी मोजलेलं नाही. ओंडके, पत्रे, पिंपं, दोऱ्यांचे गुंते. त्यातलं बरंच पाण्याच्या पातळीखाली इंचभर तरंगत असतं. पहिल्या दिवसाआधी पूर्ण ओहोटीला सेफ्टी बोटीतून सगळं पाणी एकदा फिरून घ्या. जिथे ओंडका रुतलाय तिथे लाल बोया बांधा.

चौथी पायरी: निर्जंतुकीकरण, थोडक्यात

साबण आणि पाणी. एवढंच.

1 टक्का हायपोक्लोराइट संडास, कड्या, टेबलं यांसाठी ठेवा. ॲल्युमिनियमची डोलकाठी, स्टेनलेस, शिडाचं कापड, लाईफ जॅकेट यांना ते लावू नका, खातं. समुद्राच्या मिठाने जे सावकाश होतं ते याने लवकर होतं. होडी साबणाच्या पाण्याने पुसा, मग गोड्या पाण्याने धुवा. ती तर एरवीही धुवायचीच असते.

लाईफ जॅकेटं तीन गटांत वाटा, लाल, पिवळी, हिरवी फीत बांधून. शनिवारी वापरलेला गट मंगळवारपर्यंत सावलीत दोरीवर. साबणाच्या पाण्यातून काढून तीन दिवस वाळला की पुन्हा वापरायला मोकळा. शिट्टी, पाणी उपसायचा डबा आणि हातमोजे ज्याचे त्याचे. डब्यासाठी पाच लिटरचा तेलाचा कॅन कापा, बाजारातला प्लास्टिकचा बेलर आणायची गरज नाही.

पाचवी पायरी: माणसं

प्रशिक्षकांपासून सुरुवात करा, कारण इथे गणित अडतं. 2021 मध्ये तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना लस नव्हती. म्हणजे मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचे दोन्ही डोस झालेले आणि वर 14 दिवस गेलेले असायला हवे होते. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं. ज्याने पहिला डोस 30 जूनला घेतला, त्याचा दुसरा 22 सप्टेंबरला येत होता आणि तो 6 ऑक्टोबरपर्यंत उपलब्ध नव्हता. आजच यादी करा. आमच्या पाचांपैकी दोघेच 2 तारखेला उभे राहू शकत होते, म्हणून तुकड्याही दोनच.

तुकडी चार मुलांची. पहिल्या दिवशी जी चार, तीच शेवटपर्यंत. अदलाबदल नाही, "माझा चुलतभाऊ फक्त आजच येतो" नाही. चौघांतल्या एकाला लागण झाली तर ते चौघे आणि त्यांचा प्रशिक्षक 14 दिवस घरी, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, दुसरी तुकडी चालू राहते. वहीत नाव, फोन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

होड्या एकट्याच्याच, ऑप्टिमिस्ट आणि लेझर. दोघांची होडी फक्त एका घरातल्या दोघांना. (सख्खी भावंडं एका होडीत घालण्याचे वेगळे धोके आहेत, त्यावर लस निघालेली नाही.)

कपडे घरूनच घालून यायचं. बदलायची खोली बंद ठेवा, नळ बाहेर काढा. सूचना सुरूच्या झाडांखाली, उभ्याने, दहा मिनिटांत. मास्कमुळे आवाज दबतो, म्हणून पहिल्या दिवशी हाताच्या खुणा ठरवून घ्या. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे परत या. मूठ वर म्हणजे मदत हवी. दूरवरून पुन्हा करून दाखवायला लावा. चहा नाही, हे जाहीर केलंत की जुने सभासद कुरकुरतील. कुरकुरू देत.

आणि मास्क पाण्यावर नाही. हे पालकांना आधी नीट समजावून सांगा, कारण काळजीपोटी आया मुलांना दुहेरी मास्क बांधून पाठवतात. ओलं कापड नाकातोंडाला चिकटलं की श्वास घेता येत नाही. उताराच्या टोकापर्यंत मास्क, होडीत पाय टाकताना काढून झिपच्या पिशवीत, पिशवी जॅकेटच्या खिशात. परत आल्यावर तोंड पुसून कोरडा मास्क.

सहावी पायरी: पहिला दिवस पाण्यावर

पहिल्या दिवशी कोणालाही शीड लावून पाठवू नका. आधी जॅकेट घालून उथळ पाण्यात पन्नास मीटर पोहायला लावा. तलाव दीड वर्ष जवळपास बंदच होते. मार्च 2020 मध्ये जो मुलगा सराईत पोहत होता, तो आता वीतभर उंच झालाय आणि दहा हातांवर धापा टाकतोय. जॅकेटही त्याला लहान झालंय, ते वेगळंच.

मग होडी मुद्दाम उलटवायची, सरळ करायची, पाणी उपसायचं. प्रत्येकाने दोनदा. पूर्वी मूल अडखळलं की आम्ही पटकन पाण्यात उतरून हात द्यायचो. आता प्रशिक्षक दोन हात लांब उभा राहून बोलतो, आणि खरं सांगायचं तर मुलं जास्त लवकर शिकतात.

पण हा दोन हातांचा नियम सेफ्टी बोटीवर लागू नाही. काही क्लबांनी अंतर राखायचं म्हणून सेफ्टी बोटीत एकच माणूस ठेवला. ते करू नका. इंजिन सांभाळणारा आणि ओढून घेणारा असे दोन हवेतच, दोघेही लसवंत, दोघेही मास्क लावून. मूल दमलं, घाबरलं, थंडीने कापायला लागलं, तर सरळ उचलून आत घ्या. श्वास थांबलेला असेल तर बोटीतली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) किंवा पॉकेट मास्क वापरा. ती वस्तू बोटीत असलीच पाहिजे आणि निदान एकाला तरी ती वापरता आली पाहिजे. बुडणाऱ्याला हवा लागते, नुसती छाती दाबून भागत नाही. दापोलीच्या किंवा चिपळूणच्या डॉक्टरांकडून एका सकाळी शिकून घ्या.

वाऱ्याची मर्यादा नेहमीपेक्षा खाली आणा. पाण्यावर जागोजाग पांढरी टोकं दिसू लागली की वारा साधारण 12 नॉटपर्यंत आलेला असतो, तेव्हा नवखे परत. 2021 मध्ये दवाखान्यातल्या खाटा आणि ॲम्ब्युलन्स यांच्यावर आधीच किती ताण होता हे सगळ्यांना माहीत होतं, आपल्या हौसेने त्यात भर नको होती. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारून विजा घेऊन येतो. उघड्या पाण्यावर ॲल्युमिनियमची डोलकाठी हीच सगळ्यांत उंच वस्तू असते. पहिला गडगडाट ऐकला की सगळ्या होड्या किनाऱ्याला, डोळ्यांनी वीज दिसायची वाट बघू नका. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा सकाळी वाचा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर वर्ग रद्द, आणि पालकांशी वाद घालत बसू नका.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेपासून लांब राहा. ती वळत नाही, तुम्ही वळायचं.

फोनमध्ये दोन नंबर आणि फळ्यावरही तेच: सागरी पोलीस 1093, तटरक्षक दल 1554.

सातवी पायरी: दिवस मिटवताना

पहिली तुकडी वाळूवरून निघून गेल्याशिवाय दुसरी फाटकात येणार नाही, मध्ये अर्धा तास मोकळा. त्या अर्ध्या तासात होड्या धुतल्या जातात आणि जॅकेटं दोरीवर जातात.

शेवटी माणसं मोजा, मग होड्या, मग जॅकेटं, मग बुचं. वहीत आकडे लिहा आणि खाली सही करा. काय तुटलं, काय झिजलं तेही लिहा. पुढच्या शनिवारी ते आठवणार नाही.

एकादशीची भरती सव्वाआठला होती, द्वादशीला ती नऊला असेल. रविवारच्या तुकडीच्या पालकांना बदललेली वेळ आदल्या रात्रीच कळवा, आणि मास्कचा एक जोड जास्तीचा द्यायला सांगा. एक तरी भिजतोच.